वाचनालयात लेखनालाही जागा हवी

सार्वजनिक वाचनालयाने पुस्तके द्यावीत, वृत्तपत्रे टेबलावर मांडावीत, वर्षातून एकदा व्याख्यानमाला भरवावी, आणि एवढ्यावर त्याचे कर्तव्य संपावे, असा समज महाराष्ट्रात रूढ आहे. वाचणाऱ्याने कधी लिहूनही पाहावे व त्यासाठी त्याच वाचनालयात कोणीतरी त्याला विनामूल्य मार्गदर्शन करावे, ही कल्पना मात्र अनेक कार्यकारी मंडळांना चैनीची वाटते.

लेखन शिकवता येत नाही, प्रतिभा उपजतच असावी लागते, हा यावरचा नेहमीचा आक्षेप होय. तो अर्धाच खरा आहे. प्रतिभा देता येत नाही. पण कथा कोठे रेंगाळली, कोणते वाक्य उसने आहे, हे दाखवून देता येते. ‘सत्यकथे’चे संपादक श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन हेच करीत. होतकरू लेखकाच्या कथेतील उणिवा त्याला पत्राने कळवाव्यात, त्याच्याकडून ती पुन्हा लिहून घ्यावी, अशी तेथील रीत होती. त्या मासिकाच्या अभिरुचीवर लघुनियतकालिकांच्या पिढीने केलेली टीका बाजूला ठेवली, तर टपालाने चालणारी ती एक विनाशुल्क कार्यशाळाच होती. १९८२ साली ‘सत्यकथा’ बंद पडले.

त्याच वर्षाच्या जानेवारीत मुंबईच्या गिरणी कामगारांचा संप सुरू झाला आणि त्यानंतर गिरणगावाची घडी विस्कटली. साहित्याच्या इतिहासात या दोन घटनांची एकत्र नोंद सहसा होत नाही. ती व्हावयास हवी. शिपायाची आणि पुढे प्राथमिक शिक्षकाची नोकरी करणारे नारायण सुर्वे कवी म्हणून घडले ते या कामगारवस्तीत. चळवळीच्या सभा, शाहिरांची पथके, चाळीतल्या बैठकी यांतून लिहिणाऱ्याला पहिला श्रोता मिळे, आणि त्या श्रोत्यासाठी शुल्क भरावे लागत नसे. एका बाजूने संपादकाचे पत्र थांबले, दुसऱ्या बाजूने चाळीतली बैठक मोडली.

श्रोता नसेल तर काय हरवते, याचे उत्तर बहिणाबाई चौधरींच्या उदाहरणात आहे. त्यांना अक्षरओळख नव्हती. घरच्या माणसांनी उतरवून घेतली म्हणूनच त्यांची कविता टिकली आणि त्यांच्या निधनानंतर १९५२ साली पुस्तकरूपाने लोकांपुढे आली. पोटचा मुलगा सोपानदेवांसारखा कवी असावा, हा योग किती जणींच्या वाट्याला येणार?

आज लेखनाचे मार्गदर्शन मिळतच नाही असे नव्हे; ते विकत मिळते. शहरांतून सशुल्क वर्ग भरतात आणि त्यात गैर काही नाही. परंतु शुल्क भरू शकणाऱ्यांनीच लेखनाचा सराव करावयाचा, असे ठरले की साहित्याचे विषयही हळूहळू त्यांच्याच दिवाणखान्यातले होतात. शिवाय शुल्क माफ झाले तरी प्रवासभाडे आणि बुडालेली मजुरी उरतेच. म्हणून ही सोय घराजवळ आणि कामाची वेळ संपल्यानंतर असावी लागते. या दोन्ही अटी पुऱ्या करणारी संस्था वाचनालयाखेरीज दुसरी कोणती?

आता हिशेब. १९६७ च्या सार्वजनिक ग्रंथालय कायद्याखाली राज्यात हजारो वाचनालये अनुदान घेतात. मद्रास प्रांताने १९४८ च्या कायद्यात ग्रंथालय-कराची तरतूद केली. महाराष्ट्राने तसा कर लावला नाही, त्यामुळे येथील वाचनालयांची भिस्त मुख्यतः शासनाच्या अनुदानावर आहे. २०२२ साली अनुदानात ६० टक्के वाढ झाल्यावर जिल्हा ‘अ’ वर्गाचे वार्षिक अनुदान ११,५२,००० रुपये झाले, तर ‘ड’ वर्गाचे अवघे ४८,००० रुपये. म्हणजे महिन्याला ४,०००. एवढ्यात ग्रंथपालाचे वेतन, वृत्तपत्रे, विजेचे बिल आणि नवी पुस्तके भागवणाऱ्या खेड्यातील वाचनालयाला लेखनशाळा भरवण्याचा उपदेश करणे हे निव्वळ क्रौर्य ठरेल. प्रारंभ मोठ्या वाचनालयांनीच केला पाहिजे. बारा शनिवारांची कार्यशाळा धरली, मार्गदर्शकास दर वेळी १,००० रुपये मानधन आणि कागद-चहासाठी ५०० रुपये धरले, तर एकूण खर्च १८,००० रुपये येतो. जिल्हा ‘अ’ वर्गाच्या अनुदानाच्या तो दीड टक्क्याहून किंचित अधिक भरतो. सभागृह, दिवे, खुर्च्या, कपाटांतील ग्रंथ यांवरचा खर्च आधीच झालेला असतो.

यातील मानधनाची बाब कोणी काटू नये. विनामूल्य म्हणजे येणाऱ्यास विनामूल्य. शिकवणाऱ्याने फुकट राबावे असा त्याचा अर्थ नव्हे. एखाद्या निवृत्त शिक्षकाच्या हौसेवर उभा राहिलेला उपक्रम त्याची प्रकृती बिघडताच थांबतो, हा अनुभव गावोगावचा आहे. त्याचप्रमाणे ग्रंथपालावर हे काम विनावेतन लादणेही अन्यायाचे होईल; त्याचे वेतन आधीच लाजिरवाणे आहे.

व्याख्यानमालेत एक बोलतो आणि शेकडो ऐकतात. येथे पंधरांनी लिहावयाचे, मोठ्याने वाचावयाचे आणि इतरांनी ऐकून बोलावयाचे. पंधराहून अधिक घेऊ नयेत. संख्येच्या मोहाने अशा उपक्रमांचे संमेलन होते आणि हारतुऱ्यांत वेळ जातो. अहिराणी, मालवणी वा वऱ्हाडी बोलीत लिहिणाऱ्याची भाषा ‘शुद्ध’ करण्याचा उत्साह मार्गदर्शकाने आवरावा. येणारे सगळेच लेखक होणार नाहीत, बहुतेक होणारच नाहीत. एखादी अंगणवाडी सेविका आपल्या सासरच्या गावाबद्दल चार पाने नीट लिहील, एखादा कारकून आपल्या वडिलांविषयी. ती पाने छापली गेली नाहीत तरी त्यांची एक प्रत वाचनालयाने बांधून जपावी. गावाचा इतिहास शोधणाऱ्या पुढच्या विद्यार्थ्याला सरकारी गॅझेटियरमध्ये जे सापडणार नाही, ते त्यांत सापडेल.