तवक्कुल म्हणजे बेफिकिरी नव्हे

"मरण यायचंच असेल तर घरीही येईल." इराक-इराणच्या जियारतीला निघालेल्यांना धोक्याविषयी विचारा, हेच उत्तर मिळतं. काही टूरवाले याच उत्तरावर धंदा करतात.

इ.स. 639 च्या सुमारास खलिफा हजरत उमर (रजि.) शामच्या सीमेवर, सर्ग इथे पोहोचले. पुढे प्लेग पसरल्याचं कळताच ते माघारी फिरले. अल्लाहच्या तकदीरीपासून पळता का, असं हजरत अबू उबैदांनी विचारलं. उमर म्हणाले, माघारी फिरणं हीसुद्धा अल्लाहचीच तकदीर. त्यांचा ईमान आपल्यापेक्षा कमी होता काय? हज तर फर्ज. तरी रस्ता सुरक्षित असावा, असं फिकहमध्ये सांगितलं आहे. मग ऐच्छिक जियारतीला ही अट का नको?

जून 2025 मध्ये इस्रायलशी युद्ध पेटलं आणि इराणचं आकाश बंद झालं. 'ऑपरेशन सिंधू'मध्ये कित्येक भारतीयांना सीमा ओलांडून आर्मेनिया, तुर्कमेनिस्तानमार्गे आणावं लागलं.

म्हणून पैसे भरण्याआधी विचारा: मेहरानसारखा सीमानाका बंद झाला तर परतीचा दुसरा रस्ता कोणता? सहल रद्द झाल्यास पैसे परत मिळतील का? विमा युद्धात लागू आहे का? बहुतेक विम्यांत युद्ध वगळलेलं असतं. भारतीय दूतावासात नाव नोंदवा. पासपोर्ट काफिल्याच्या सालारकडे नको, स्वतःजवळ ठेवा.

आधी उंट बांधायचा, मग तवक्कुल, ही शिकवण पैगंबरांचीच (स.). जो टूरवाला या प्रश्नांना "अल्लाह मालिक है" एवढंच उत्तर देतो, त्याला एक रुपयाही देऊ नका.