फीत कापायला शंभर, वंगण घालायला शून्य

दिवाळीला गावी गेलो होतो. गाव म्हणजे औंढा नागनाथ तालुका, जिल्हा हिंगोली. (ऑफिसात सांगितलं की अजूनही विचारतात, "म्हणजे नांदेडकडे का?" हो बाबा, नांदेडकडे.) बहिणीची पोरगी आठवीत आहे. तिला गाडीवर घेऊन दुधाळ्याच्या बाजूला चक्कर मारली. तिथं लायगो-इंडिया होणार आहे ना! केंद्रीय मंत्रिमंडळानं एप्रिल २०२३ मध्ये मंजूर केलेला २६०० कोटींचा प्रकल्प, आणि तो आपल्या तालुक्यात. पोरगी म्हणाली, "मामा, इथं नेमकं काय करायलेत?"

आता मी पडलो इंजिनिअर. सुरू झालो. इंग्रजी एल अक्षरासारख्या दोन भुजा, एकेक चार किलोमीटरची, त्यातून लेझर जाणार, आरशावर आपटून परत येणार. लांब कुठंतरी दोन कृष्णविवरं एकमेकांवर आदळली की अवकाशच किंचित ताणलं जातं, आणि ते ताणणं प्रोटॉनच्या जाडीच्या हजाराव्या हिश्शाहूनही कमी असलं तरी मोजता येतं. पोरगी मान हलवत होती.

"कळलं का?"

"नाही. कुठं दाखवता येतं का?"

या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. दाखवता येतं की! दोन आरसे, एक साधा लेझर आणि अर्धा प्रकाश पलीकडे सोडणारी एक काच असली की टेबलावर पट्टे दिसतात आणि टेबलाला नुसतं बोट लावलं तरी ते पट्टे थरथरतात. पण असलं काही हात लावून बघायचं तर आमच्याकडून गाठायचं नागपूर, १९९२ पासून चालू असलेलं रमण विज्ञान केंद्र. तीनशेच्या वर किलोमीटर. जाऊन-येऊन दोन दिवस आणि शाळेच्या सहलीचं सगळं बजेट.

तर मंडळी, आता मुद्दा. गावाकडच्या ग्रुपवर दर दोन-तीन महिन्यांनी कोणीतरी टाकतं, "लायगो येतंय, आता हिंगोलीला भव्य विज्ञान केंद्र झालंच पाहिजे!" खाली पन्नास अंगठे. माझा अंगठा त्यात नाही. मित्र चिडतात, पुण्याला जाऊन शहाणा झाला म्हणतात. म्हणून आज जरा सविस्तर लिहितो. मला विज्ञान केंद्र नको असं नाही. मला त्या वाक्यातला "भव्य" हा शब्द नकोय, आणि त्या वाक्यात जे अजिबात नाही ते हवंय.

दोन वर्षांपूर्वी क्लायंटच्या कामासाठी चार महिने मिशिगनला होतो. एका रविवारी तासाभरावरच्या टोलेडोला गेलो. ओहायो राज्यातलं काच आणि जीप यांच्यासाठी ओळखलं जाणारं कारखान्यांचं गाव. तिथं नदीकाठी इमॅजिनेशन स्टेशन नावाचं विज्ञान केंद्र आहे. आत उंचावर तार बांधली आहे आणि तिच्यावरून सायकल चालवायची. खाली जड वजन लटकवलेलं असतं, त्यामुळं गुरुत्वमध्य तारेच्या खाली राहतो आणि तुम्ही पडूच शकत नाही. हे गणित मला इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षापासून पाठ, तरी वर गेल्यावर पाय लटपटले. माझ्या पुढचं आठ-नऊ वर्षांचं पोरगं मात्र मजेत गेलं. ते त्या दिवशी गुरुत्वमध्य शिकलं. मी तर फक्त परीक्षा पास झालो होतो.

परत येऊन वाचत बसलो तर कळलं की हीच जागा मध्ये बंद पडली होती. १९९७ मध्ये कोसाय टोलेडो या नावानं ती सुरू झाली. पोरं यायची, शाळा यायच्या, तरी पैसे पुरेनात. मग लोकांपुढं प्रस्ताव ठेवला की मालमत्ता करात थोडी भर घाला, त्यावर केंद्र चालवू. लोकांनी तो दोनदा नाकारला. ३१ डिसेंबर २००७ ला दार बंद झालं.

नोव्हेंबर २००८ मध्ये प्रस्ताव पुन्हा मतदानाला आला. तो काळ आठवून बघा. बँका बुडत होत्या, मोटार कारखान्यांची तर अशी हालत की सरकारकडं हात पसरायची वेळ आलेली. आणि त्या मोटारवाल्या गावानं स्वतःवर कर बसवून घ्यायला "हो" म्हटलं. ऑक्टोबर २००९ मध्ये नव्या नावानं केंद्र उघडलं आणि ते आजही चालू आहे.

यात भावनेनं भरून वगैरे यायची गरज नाही. एक गोष्ट नीट बघा. टोलेडोला इमारत कधीच कमी पडली नव्हती. इमारत होती, खेळणी होती, पोरंही होती. नव्हता तो चालवायचा खर्च. लोकांनी मत दिलं ते वीजबिलाला, पगाराला, बेअरिंगला. बांधकामाला नाही.

आमच्या धंद्यात हे शेंबडं पोरसुद्धा सांगेल. सॉफ्टवेअर बनवायला लागतो त्यापेक्षा जास्त पैसा ते पुढं वर्षानुवर्षं चालू ठेवायला लागतो. पण साहेबाला आवडतो तो गो-लाइव्हचा केक. केक कापला की टीम मोडतात आणि सपोर्टला उरतात दोन फ्रेशर. मग सहा महिन्यांनी सिस्टिम बसली की सगळे विचारतात, "असं कसं झालं?"

विज्ञान केंद्राचं तर याहून अवघड. साध्या संग्रहालयातलं मडकं टिकतं ते कोणी हात लावत नाही म्हणून. विज्ञान केंद्रातली वस्तू असतेच मुळी हात लावायला. रोज तीनशे पोरं हँडल फिरवणार, लोंबकळणार, बटण ठोकणार. ती वस्तू झिजलीच पाहिजे. वर्षभरात काही मोडलं नाही तर समजावं की कोणी आलंच नाही. म्हणजे दुरुस्ती हा इथं अपघात नाही, तो रोजचा स्वयंपाक आहे. आणि आपण करतो काय, तर भांडी घेऊन देतो, किराण्याला पैसे देत नाही.

हे फक्त आपल्याकडंच होतं असंही नाही. टोरांटोचं ओंटारिओ सायन्स सेंटर १९६९ मध्ये उघडलेलं. २१ जून २०२४ ला, शुक्रवारी, ते जाहीर करून त्याच दिवशी बंद केलं. कारण दिलं छताच्या हलक्या काँक्रीटच्या फळ्या धोकादायक झाल्याचं. अभियंत्यांच्या अहवालात जास्त धोक्याच्या फळ्यांचा बंदोबस्त त्या वर्षीच्या ३१ ऑक्टोबरपर्यंत करायला सांगितलं होतं. मूळ वास्तुरचनाकाराच्या फर्मनं दुरुस्तीसाठी आपलं काम फुकट देऊ केलं. तरी कुलूप ते कुलूपच. आणि आधीच्या डिसेंबरमध्येच तिथल्या महालेखापरीक्षकांनी लिहून ठेवलं होतं की महत्त्वाच्या दुरुस्त्यांसाठी मागितलेला पैसा वारंवार नाकारला गेला. त्या सरकारचा केंद्र दुसरीकडं हलवायचा बेत त्याआधीच जाहीर झालेला होता. आधी दुरुस्ती करायची नाही, मग नादुरुस्त आहे म्हणून बंद करायचं! ही युक्ती ओळखीची वाटते ना?

आपल्याकडं दिल्लीचं राष्ट्रीय निसर्गविज्ञान संग्रहालय १९७८ मध्ये मंडी हाउसजवळच्या फिक्कीच्या इमारतीत सुरू झालं आणि ३८ वर्षं त्याच परक्या छताखाली राहिलं. २६ एप्रिल २०१६ च्या पहाटे ते आगीत खाक झालं. आग विझवायची यंत्रणा चालतच नव्हती, असं तेव्हा अग्निशमन दलाच्या लोकांनी सांगितलं. यंत्रणा बसवलेली होती बरं का! चालत नव्हती. विज्ञान लोकांपर्यंत न्यायला १९८९ मध्ये काढलेली विज्ञान प्रसार ही संस्था २०२३ मध्ये सरकारनं बंद करून टाकली. आग नाही, धूर नाही. कागदावरच.

राज्यांमधल्या विज्ञान केंद्रांची रीत साधारण अशी: जागा राज्याची किंवा महापालिकेची, उभारणी राष्ट्रीय विज्ञान संग्रहालय परिषदेची, खर्च वाटून, आणि तयार झालं की स्थानिक यंत्रणेकडं सुपूर्द. पिंपरी-चिंचवडचं सायन्स पार्क २०१३ मध्ये असंच उभं राहिलं. तिथली महापालिका श्रीमंत आहे, तिला झेपतं. हिंगोली नगरपालिकेला झेपेल? १ मे १९९९ ला परभणीतून वेगळा झालेला, बारा लाखांच्या आत लोकसंख्या असलेला (२०११ ची गणना) आमचा जिल्हा. सुपूर्द झाल्यावर चौथ्या वर्षी काय होईल ते मला आजच दिसतंय. उद्घाटनाची कोनशिला चकाचक आणि आत "नादुरुस्त आहे" अशा चिठ्ठ्या.

आता तुम्ही काय म्हणाल ते मला माहितीय.

एक, "तिकिटावर चालत नसेल तर नकोच." मग जिल्हा परिषदेची शाळा कुठल्या तिकिटावर चालते? वाचनालय? हात लावून शिकायच्या असल्या केंद्रांचा आद्यपुरुष म्हणजे सॅन फ्रान्सिस्कोचं एक्सप्लोरेटोरियम, फ्रँक ओपनहायमर यांनी १९६९ मध्ये काढलेलं. २०१३ मध्ये मोठ्या जागेत गेल्यावर त्यांनासुद्धा मोठी नोकरकपात करावी लागली. त्यांना तिकिटावर जमलं नाही ते सेनगाव-कळमनुरीच्या पोरांच्या खिशातून जमणार आहे का? तिकीट दोनशे रुपये करा, केंद्र वाचेल आणि ज्यांच्यासाठी काढलं ती पोरं बाहेर राहतील.

दोन, "आता यूट्यूबवर सगळं दिसतं." दिसतं, कबूल. मीसुद्धा तिथंच शिकतो. पण फिरत्या खुर्चीवर बसून हातात सायकलचं फिरतं चाक धरा आणि ते आडवं करून बघा. खुर्ची तुम्हाला ओढते. ते ओढणं मोबाईलच्या काचेतून बाहेर येत नाही.

तीन, आणि हा खरा आक्षेप: "आधी पाणी द्या, मग विज्ञान." यावर मी हसणार नाही. उन्हाळ्यात आमच्याकडं टँकर बघितलाय. पण गावागावातल्या नळयोजना आठवा. टाकी आहे, पाइप आहे, आणि पंपाचं बिल थकलं म्हणून वीज तोडलेली. जी सवय नळयोजना मारते तीच विज्ञान केंद्रही मारणार. आजार एकच आहे. बांधायला पैसा, चालवायला ठेंगा.

म्हणून माझी मागणी वेगळी आहे. भव्य नको, जुनी रिकामी शाळा द्या. चाळीस वस्तू पुरेत. बांधकामाला मागाल त्यातला निम्मा पैसा बँकेत कायम ठेव म्हणून टाका आणि त्याच्या व्याजातून एक फिटर, एक इलेक्ट्रिशियन आणि पोरांशी आपल्या बोलीत बोलणारे दोन जण कायमचे ठेवा. दुरुस्तीला आयटीआयची पोरं आणा, तीही शिकतील. आणि दारावर रोज खडूनं लिहा: "आज चालू – ४० पैकी ३७". हा आकडा ३० च्या खाली गेला की जिल्ह्याच्या अधिकाऱ्यांना उत्तर द्यावं लागेल असा नियम करा. लायगोच्या लोकांनाही सोबत घ्या. अमेरिकेत लुइझियानातल्या लायगोच्या आवारात शाळकरी पोरांसाठी विज्ञान शिक्षण केंद्र आहेच, आणि तिथली खेळणी एक्सप्लोरेटोरियमनं बनवून दिलेली आहेत. त्यांच्याकडं होतं तर दुधाळ्याला का नको?

शेवटचं सांगतो. माझ्या शाळेत एक सूक्ष्मदर्शक होता. डेडस्टॉक रजिस्टरला नोंदलेला, कपाटात, कुलपात. मोडला तर पगारातून कापतील म्हणून सर तो काढायचे नाहीत. त्यांचं तरी काय चुकलं? दुरुस्तीला पैसे नव्हतेच. दरवर्षी तपासणीला तो बाहेर यायचा, पुसला जायचा, परत आत. मी दहावी झालो तोवर त्यातून एकदाही बघितलं नाही. रजिस्टरनुसार तो अगदी उत्तम स्थितीत होता!

असो. नुसतं लिहून भागणार नाही हे मलाही कळतं. उद्या त्या ग्रुपवर कोणी कायम ठेवीचा हिशोब टाकला तर पहिला अंगठा माझा, आणि दरवर्षी एका महिन्याचा अर्धा पगारही माझा. सभागृहाला नाव द्यायला देणगीदार भरपूर मिळतील. माझं नाव एखाद्या बेअरिंगवर टाकलं तरी चालेल. फक्त ते फिरतं असू द्या.