काटा खाली येतो तेव्हा

दसऱ्याला जिच्या नाकावर झेंडूचे तोरण चढले, त्या मोटारीतून दिवाळीला गावी जावयाचे, असा बेत वऱ्हाडातील पुष्कळ घरांत ठरतो. वडिलांची फियाट, काकांची अँबेसेडर किंवा शेतावरची जुनी जीप. वर्षभर छपराखाली विसावलेली ही मंडळी सणासुदीला अंगणात येतात. वाचकहो, प्रथम ते वाळलेले तोरण जाळीवरून उतरवा. त्यामागे रेडिएटर आहे आणि त्याला वारा हवा असतो, फुले नव्हेत!

अँबेसेडर २०१४ साली निघावयाची थांबली. प्रीमियर पद्मिनी त्याच्याही बऱ्याच आधी. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ अखेर रस्त्यावरून निवृत्त झाली. तेव्हा घरातली गाडी गेली की तशी नवी मिळावयाची नाही. एंजिन एकदा बेसुमार तापले, हेड वाकले, गॅस्केट जळाले, की दुरुस्तीचा आकडा ऐकून घरातलेच कोणी तरी म्हणते, 'द्या आता भंगारात.' एवढ्या मोठ्या निकालाची आगाऊ वर्दी देणारे यंत्र मात्र तळहाताएवढेही नसते. तो म्हणजे उष्णतामापक, मिस्त्रीच्या भाषेत 'टेंपरेचरचा काटा'. कित्येक जुन्या गाड्यांत तो मुळातच नसतो. कित्येकांत असतो, पण मेलेला. बाजारातून वेगळा आणून तो बसवता येतो. परंतु तो वाईट बसवला तर न बसवण्याहून घातक, कारण मग आपण खोट्या साक्षीदारावर विसंबतो.

आपल्याकडे त्याची निकड अधिक. एक तर ऊन. मे २०२४ च्या अखेरीस पारा पंचेचाळिशीपार गेला आणि अकोल्यात उष्म्यापायी १४४ कलम लावावे लागले. दुसरे, रस्ता. जून २०२२ मध्ये अमरावती-अकोला महामार्गावर ७५ किलोमीटर डांबरीकरण १०५ तास ३३ मिनिटांत करून गिनीज बुकात नोंद झाली. बडनेऱ्याहून मूर्तिजापूरकडे निघालेल्या चालकाचा पाय अशा रस्त्यावर आपोआप दाबला जातो आणि म्हातारे एंजिन तासभर एका दमात धावते. तिसरे, पाणी. पूर्णेच्या काठचा खारपाणपट्टा कोणाला सांगावयास नको. ते विहिरीचे पाणी वर्षानुवर्षे रेडिएटरमध्ये ओतले की किटलीत बसतात तशी पुटे नळ्यांत बसतात. तेव्हा मापक बसवण्यापूर्वी रेडिएटर साफ करून घ्या आणि त्यात शुद्ध केलेले बॅटरीचे पाणी व कूलंट यांचे मिश्रणच भरा.

मापक दोन जातींचे. पहिल्यात एक बल्ब, त्याला जोडलेली केसासारखी बारीक तांब्याची नळी आणि टोकाला तबकडी. बल्बातला द्रव तापला की त्याच्या वाफेचा दाब वाढून काटा सरकतो. याला वीज लागत नाही. पण नळी लांब झाली म्हणून कापाल तर यंत्र कायमचे संपले. उरलेल्या नळीचे सैल वेटोळे करून ठेवावे. दुसरी जात विजेची. तिचा सेन्सर आणि तबकडी ही जोडी असते. एकीचा सेन्सर दुसरीला लावला की आकडा चुकतो. काही जुन्या लष्करी जीप सहा व्होल्टच्या असतात आणि पुष्कळ जुन्या ब्रिटिश गाड्यांत बॅटरीची धन बाजू सांगाड्याला जोडलेली असते. विकत घेण्याआधी हे पाहावे.

बसवण्याआधी परीक्षा घ्यावी. पातेल्यात पाणी उकळावे आणि बल्ब तळाला न टेकवता त्यात धरावा. विजेचा असेल तर सेन्सरच्या अंगाला आणि तबकडीला तारा जोडाव्यात. अकोला-अमरावतीच्या उंचीवर पाणी साधारण ९९ अंशांना उकळते. काटा तेथे आला, तर साक्षीदार खरा. दहा अंश चुकला, तर दुकानदाराला परत करा.

आता जागा. सर्वांत चांगली जागा सिलिंडर हेडवर, थर्मोस्टॅटच्या अलीकडे. तेथे जुन्या सेन्सरचे किंवा बुचाचे भोक असते. आट्यांचे प्रकार मात्र दिसायला सारखे आणि असायला निरनिराळे. हाताने दोन-तीन फेरे सहज बसले तरच पान्याला हात घाला. अॅल्युमिनियमच्या हेडवर जोर कराल तर तडा जाईल. भोक नसेल तर वरची रबरी नळी कापून मध्ये धातूची जोडनळी घालतात. हा उपाय सोपा, पण त्यात दोन गोम आहेत. रबरातून वीज जात नाही, म्हणून जोडनळीला अर्थची वेगळी तार हवी. आणि थर्मोस्टॅट उघडेपर्यंत तेथे गरम पाणी पोचतच नाही. तो बंद स्थितीत अडकला तर आत एंजिन उकळत असताना काटा शांत बसलेला दिसेल!

तार सायलेन्सरच्या मॅनिफोल्डपासून दूर न्यावी, पत्र्यातून जाते तेथे रबरी कडे घालावे आणि मध्ये फ्यूज द्यावा. डॅशबोर्डला भोक पाडू नये. जुलै २०२१ पासून पन्नास वर्षांपुढील, मूळ स्वरूप टिकवलेली गाडी 'विंटेज' म्हणून नोंदवता येते. मग ती रोजच्या वापराला चालत नाही, ही गोष्ट निराळी. पण मूळ रूपाची किंमत त्यावरून कळते. डॅशबोर्डखाली लहानशी पट्टी लावून तबकडी टांगावी, म्हणजे उद्या काढली तर खूणही राहणार नाही.

बसवल्यावर पहिले पंधरा दिवस काटा केवळ पाहावा आणि वहीत लिहावा: सकाळी किती, दुपारी किती, पाच माणसे बसल्यावर किती. बहुतेक गाड्या ७५ ते ९५ अंशांत रमतात; पण तुमच्या गाडीचा घरचा आकडा कोणता, हे तुमची वहीच सांगेल. वरातीमागे रांगताना काटा चढला आणि पळताना उतरला, तर पंख्याचा वारा कमी पडतो आहे. उलट पळतानाच चढला, तर रेडिएटर चोंदल्याचा संशय घ्यावा. काटा शंभरावर गेला म्हणजे उकळलेच असे नाही. झाकणाच्या दाबाने पाण्याचा उत्कलनबिंदू दर पौंडाला सुमारे दीड अंश वाढतो. मात्र ते झाकण गळके असेल तर हा आधार गेला. परतवाड्याहून चिखलदऱ्याचा घाट चढाल तर वर पाणी शहाण्णवच्या आसपासच उकळेल.

आता सर्वांत महत्त्वाचे. काटा चढला की सगळेच घाबरतात. पण चढलेला काटा एकाएकी खाली आला, की घरातली मंडळी 'हुश्श' म्हणतात. तेथेच घात होतो. बल्ब पाण्यात बुडालेला असेल तोवरच खरे बोलतो. नळी फुटून पाणी वाहून गेले, तर तो नुसत्या हवेत लोंबकळतो आणि काटा गारवा दाखवतो. त्या वेळी आतले लोखंड जळत असते. आपल्याकडचा मिस्त्री हेच चार शब्दांत सांगतो, "भाऊ, काटा खाली आला म्हनून खुश होऊ नका, पानी सरलं असन."

तेव्हा कारण नसताना काटा पडला, की गाडी बाजूला घ्या आणि एंजिन बंद करा. झाकणाला हात लावू नका. अर्धा-पाऊण तास सावलीत बसा, फराळाचा डबा सोडा. एंजिन निवल्यावर झाकण फडक्याने हळू सैल करून पाहा. तापल्या एंजिनात गार पाणी ओतलेत तर हेड तडकेल. मापक एंजिन थंड करीत नाही. तो फक्त निरोप आणतो; निरोपाचा अर्थ लावणे चालकाचे काम. तेवढे जमले, तर वडिलांची गाडी नातवंडांनाही या रस्त्यावरून नेईल.