‘घरचा मामला’ म्हणून गावाने गप्प बसायचे काय?

वाचकहो, या पानावर आपण नेहमी बियाणे, खते, बाजारभाव आणि पाऊसपाणी यांविषयी बोलतो. आजचा विषय वेगळा आहे. काहींना तो या पानावर नकोसा वाटेल. पण विषय गावचाच आहे, म्हणून मांडतो.

गेल्या हंगामात एका गावी तुरीच्या शेतीशाळेला गेलो होतो. बैठक आटोपली आणि पारावर चहा आला. तेवढ्यात समोरच्या घरातून आरडाओरडा ऐकू आला. सतरा वर्षांच्या पोराला बाप पट्ट्याने मारत होता. कारण काय, तर पोराने केस वाढवले होते आणि बहिणीची ओढणी अंगावर घेऊन ते आरशापुढे उभे राहिले होते. पारावर पंधरा-वीस माणसे होती, कोणी हलले नाही. मी उठायला लागलो तर शेजारच्याने हात धरला. “बसा सायेब, घरचा मामला हाय. पोरगं बायल्या निपजलंय, बाप सुधरवतोय त्याला.” दोघे-तिघे हसले. खरं सांगायचं तर मीही बसलो. चहा संपवला, गाडीला किक मारली आणि निघून आलो. महिन्याने पुन्हा गेलो तेव्हा पोर घरात नव्हते. “गेलं मुंबईकडं कुठंतरी,” एवढेच उत्तर मिळाले.

तेव्हापासून एक गोष्ट मनातून जात नाही. पट्टा बापाच्या हातात होता हे खरे, पण पारावर आम्ही वीस जण होतो. तृतीयपंथी पोरांवर होणाऱ्या हिंसाचाराची चर्चा निघाली की आपण गुंडांकडे, पोलिसांकडे, शहराकडे बोट दाखवतो. त्या पारावरच्या वीस जणांविषयी कोणी बोलत नाही.

हे शहरातले खूळ नव्हे

“आपल्याकडं असलं काही नव्हतं, ही मोबाइलची देणगी,” असे म्हणणारे पुष्कळ भेटतात. त्यांनी २०११ ची जनगणना पाहावी. त्या वेळी प्रथमच स्त्री आणि पुरुष यांच्या जोडीला ‘इतर’ असा रकाना ठेवला होता. देशात ४ लाख ८७ हजार ८०३ माणसांची नोंद त्यात झाली. महाराष्ट्रातला आकडा ४० हजार ८९१ होता. देशभरच्या या नोंदींपैकी सुमारे दोनतृतीयांश खेड्यापाड्यांतल्या आहेत, म्हणजे एकूण लोकसंख्येत खेड्यांचा जो वाटा आहे, जवळपास तेवढ्याच. आणखी एक आकडा लक्षात ठेवण्यासारखा आहे. या नोंदींत ५४ हजार ८५४ मुले सहा वर्षांच्या आतली होती. एवढे लहान लेकरू स्वतः काही सांगायला जात नाही. ती नोंद घरच्या मोठ्या माणसांनीच करून दिली.

आणि जुन्या गोष्टी आठवा की. यल्लम्माचे जोगते डोक्यावर जग घेऊन आले तर आपण पाया पडतो. बारशाला, लग्नाला तृतीयपंथीयांचा आशीर्वाद घेतो. दुसऱ्याच्या दारातला तृतीयपंथी आपल्याला चालतो. आपल्या घरात लेकरू तसे निघाले, की मात्र आपण हात उगारतो.

मार घरात सुरू होतो

आधी बोलणी बसतात, मग मार बसतो. मग शाळा येते. शाळेत पोरे चिडवतात, आणि काही ठिकाणी गुरुजीसुद्धा त्यात सामील होतात. लघवीला कुठे जायचे, हा रोजचा प्रश्न असतो. पोर शाळा चुकवायला लागते, मग शाळा सुटतेच. पुढची पायरी देवरुषाची. “अंगात बाईचं वारं शिरलंय” म्हणून बांधून ठेवणे, मिरचीची धुरी देणे, उपाशी ठेवणे असे प्रकार होतात. बापाला वाटते आपण औषध करतोय.

औषध करायला हा आजार नाही. पोराचा कल ‘बदलून देतो’ म्हणणाऱ्या उपचारांना मद्रास उच्च न्यायालयाने जून २०२१ मध्ये मनाई केली. २०२२ मध्ये राष्ट्रीय आयुर्विज्ञान आयोगाने असे उपचार करणे हे डॉक्टरांचे व्यावसायिक गैरवर्तन ठरवले. म्हणजे एमबीबीएस डॉक्टरला जे करता येत नाही, ते देवरुषाच्या हाती आपण बिनदिक्कत सोपवतो.

राष्ट्रीय मानवाधिकार आयोगासाठी केरळ डेव्हलपमेंट सोसायटीने दिल्ली आणि उत्तर प्रदेशातल्या तृतीयपंथीयांची पाहणी केली होती. २०१७ साली अहवाल आला. आई-वडिलांबरोबर राहणारे शेकडा अवघे दोन निघाले. बाकीचे अठ्ठ्याण्णव का गेले, ते आपल्याला पारावर बसूनही कळते.

घराबाहेर काय वाढून ठेवले आहे?

घर सुटलेले पोर शहर गाठते. शिक्षण अर्धवट, कागदपत्रे घरी राहिलेली, नोकरी कोण देणार? सिग्नलवर हात पसरणे किंवा देह विकणे, बहुतेकांना हेच दोन रस्ते उरतात. आणि तिथेही सुरक्षितता नाही. मे २०१८ मध्ये हैदराबादेत मुले पळवणारी टोळी आल्याची अफवा मोबाइलवरून पसरली. रमजानच्या दिवसांत पैसे मागायला आलेल्या तृतीयपंथी महिलांना जमावाने गाठले आणि मारहाणीत एकीचा जीव गेला. तशाच अफवेने १ जुलै २०१८ रोजी आपल्या राज्यात, धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात, नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना ठेचून मारले. ज्याच्या पाठीशी गाव नाही, घर नाही, त्याच्यावर संशय घेणे जमावाला सर्वांत सोपे जाते.

आता तर मारायला काठीही लागत नाही. नोव्हेंबर २०२३ मध्ये उज्जैनच्या एका सोळा वर्षांच्या मुलाने दिवाळीत साडी नेसून, नटून केलेला व्हिडिओ इन्स्टाग्रामवर टाकला. त्यावर हिणकस शेऱ्यांचा आणि शिव्यांचा पाऊस पडला. पुढे त्याने आत्महत्या केली. मग देशभर हळहळ झाली, वर्तमानपत्रांत छापून आले, संताप व्यक्त झाला. पोर जिवंत असताना एवढी माणसे त्याच्या बाजूने बोलली असती तर? आपला लोकक्षोभ नेहमी तिरडीच्या मागून चालतो.

कायदा आहे, पण तोकडा

सर्वोच्च न्यायालयाने १५ एप्रिल २०१४ रोजी निकाल दिला की तृतीयपंथी हेही या देशाचे समान नागरिक आहेत. पुढे संसदेने २०१९ मध्ये तृतीयपंथी व्यक्तींच्या हक्कांच्या संरक्षणाचा कायदा केला आणि १० जानेवारी २०२० पासून तो लागू झाला. त्याचे अठरावे कलम गावाने मुद्दाम वाचावे. तृतीयपंथी व्यक्तीला घर सोडायला भाग पाडणे आणि गाव सोडायला भाग पाडणे हे तिथे स्वच्छ शब्दांत गुन्हे म्हणून लिहिले आहेत. सार्वजनिक जागेत येण्यास अडवणे, मारहाण, लैंगिक, मानसिक आणि आर्थिक छळ हेही त्यात आले. त्यामुळे ‘घरचा मामला’ हे म्हणणे कायद्यात बसत नाही.

पण शिक्षा किती ठेवली? सहा महिने ते दोन वर्षे आणि दंड. इथे कायद्याची गंमत, खरे तर शोकांतिका, पाहा. अठरा वर्षांखालचे लेकरू मुलगा असो, मुलगी असो वा तृतीयपंथी, २०१२ च्या पॉक्सो कायद्याचे संरक्षण त्याला सारखेच आहे आणि बलात्कारासारख्या गुन्ह्याला किमान दहा वर्षे शिक्षा आहे. तेच लेकरू अठराचे झाले की चित्र पालटते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत बलात्काराचे कलम पीडित स्त्री असेल तरच लागते. जुन्या दंड संहितेतले ३७७ कलम जबरदस्तीच्या प्रकरणात पुरुष आणि तृतीयपंथी पीडितांच्या कामी येत असे, ते नव्या संहितेत घेतलेच नाही. आणि २०१९ च्या कायद्याने लैंगिक छळालाही कमाल दोन वर्षेच ठेवली. कायदा झाला तेव्हापासून तृतीयपंथी कार्यकर्ते आणि वकील यावर बोट ठेवत आले आहेत. म्हणजे अठरावा वाढदिवस आला की पोराचे संरक्षण वाढायच्या ऐवजी घटते.

तरीही हातात काहीच नाही असे समजू नका. अल्पवयीन मुलाला त्याचा सांभाळ करणाऱ्यानेच क्रूरपणे वागवले, तर २०१५ च्या बाल न्याय कायद्याच्या ७५ व्या कलमात तीन वर्षांपर्यंत शिक्षा आहे. देवरुषाने बांधून मारले, तर महाराष्ट्राचा २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा लागतो. त्यात सहा महिने ते सात वर्षे कैद आणि पाच ते पन्नास हजार रुपये दंड आहे. मारहाणीची नेहमीची कलमे तर सर्वांनाच लागू आहेत. ठाण्यात गेल्यावर एवढी माहिती असली तरी अर्जाला वजन येते.

सातबारा काय सांगतो?

शेतीखात्यातला माणूस म्हणून एक गोष्ट मला दिसते, ती फारशी बोलली जात नाही. पोर घरातून गेले की पाठोपाठ त्याचे नाव वारसांतून गळते. बाप वारल्यावर वारस नोंदीच्या वेळी भाऊ सांगतात, “एकच भाऊ होता, तो बेपत्ता आहे.” किंवा वर्षांनी ते पोर भेटायला आले तर चहाबरोबर हक्कसोडपत्र पुढे ठेवतात. म्हणजे घर सोडायला लावण्यात अब्रूचा प्रश्न दिसतो, पण पोटात वाटणीचा हिशेबही असतो.

२००५ च्या दुरुस्तीनंतर हिंदू वारसा कायद्यात मुलगा आणि मुलगी यांचा वडिलोपार्जित जमिनीतला हक्क सारखाच आहे. तेव्हा लेकराने स्वतःला मुलगा म्हणवले काय आणि मुलगी म्हणवली काय, त्याचा वाटा कमी होत नाही. उत्तर प्रदेशाने २०२० मध्ये महसूल संहिता दुरुस्त करून शेतजमिनीच्या वारसांत तृतीयपंथी अपत्याचा स्पष्ट उल्लेखच केला. आपल्या राज्यानेही असे करावे, म्हणजे तलाठ्यालाही शंका राहणार नाही. वाटा कागदावर पक्का असला की घरातून हाकलणाऱ्याचा हात थोडा आखडतो.

गावे वेगळेही वागली आहेत

सगळे चित्र काळे नाही. सोलापूर जिल्ह्याच्या माळशिरस तालुक्यातल्या तरंगफळ गावाने २०१७ मध्ये ज्ञानदेव कांबळे या तृतीयपंथी व्यक्तीला सरपंच म्हणून निवडून दिले. जळगाव जिल्ह्यातल्या भादली बुद्रुकच्या अंजली पाटील यांचा स्त्रियांच्या जागेवरचा अर्ज बाद झाला होता. उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने त्यांना लढायची मुभा दिली आणि जानेवारी २०२१ मध्ये त्या ग्रामपंचायतीवर निवडून आल्या. न्यायालयाने फक्त अर्ज मान्य केला, मते गावानेच दिली. आपल्यासारखीच शेतकऱ्यांची गावे आहेत ती.

मग आपण काय करायचे? ग्रामसभेत हा विषय एकदा मांडा. शाळा व्यवस्थापन समितीने चिडवण्याची तक्रार गुरुजींकडून लेखी घ्यावी आणि त्या पोराची लघवीला जायची सोय लावावी. मार चालू दिसला तर ११२ ला फोन करा, पोर अठराच्या आतले असेल तर १०९८ ला. तालुका न्यायालयातल्या विधी सेवा समितीत मोफत वकील मिळतो. पोराचे मन खचलेले वाटले, तर १४४१६ हा मानसिक आरोग्याचा सरकारी फोन आहे. २०२० च्या नियमांत प्रत्येक जिल्ह्यात जिल्हाधिकाऱ्यांच्या हाताखाली तृतीयपंथीयांसाठी संरक्षण कक्षाची तरतूद आहे. आपल्या जिल्ह्यातला कक्ष कुठे बसतो आणि त्याने किती तक्रारी घेतल्या, हे पत्रकारांनी आणि सरपंचांनी विचारावे.

आणि बापांना एक विनंती. लोक काय म्हणतील या भीतीने तुम्ही मारता, हे मला कळते. लोक म्हणजे पारावरचे आम्हीच. तेव्हा आधी आम्ही हसायचे बंद करायला हवे. पुढच्या आठवड्यात त्याच गावात हरभऱ्याची शेतीशाळा आहे. त्या पोराच्या बापाशी बोलायला या वेळी मी बैठकीच्या तासभर आधीच जाणार आहे.