लेकराने काय गिळले? आधी हे विचारा, केळे नंतर

लेकराने नाणे गिळले की घरोघरी एकच सल्ला मिळतो : ‘केळे खाऊ घाला, दोन दिवसांत पडून जाईल.’ बहुतेक वेळा वस्तू खरेच पडते, म्हणून हा सल्ला टिकून आहे. पण गिळलेली वस्तू चुंबक, बटण सेल किंवा पिन असेल, तर वाट पाहण्याची किंमत आतड्याला मोजावी लागते. म्हणून ‘पडले का?’ याआधी ‘काय गिळले?’ हा प्रश्न विचारायला हवा.

वस्तू आपोआप कधी पडते?

जठरापर्यंत पोहोचलेल्या वस्तूंपैकी साधारण ८० ते ९० टक्के शौचावाटे बाहेर पडतात. उरलेल्यांपैकी बऱ्याच दुर्बिणीने काढता येतात. शस्त्रक्रियेची वेळ सुमारे १ टक्का रुग्णांवर येते. यात केळ्याचे श्रेय काही नाही. वस्तू आतड्याच्या हालचालीनेच पुढे सरकते. उलट पोट भरलेले असेल, तर दुर्बिणीसाठी भूल द्यायला थांबावे लागते.

धोका कशात?

चुंबक : एकच चुंबक सहसा निघून जाते. दोन किंवा अधिक गिळली, तर ती आतड्याच्या दोन वेटोळ्यांतून एकमेकांना ओढतात. मधली भिंत चिमटली जाते, रक्तपुरवठा थांबतो आणि भोक पडते. सुरुवातीचे काही तास मूल मजेत खेळत असते. फसगत इथेच होते.

बटण सेल : अन्ननलिकेत अडकल्यास दोन तासांत खोल जखम होऊ शकते. २०३२ क्रमांकाचा सेल २० मिलिमीटर रुंद, म्हणजे जवळपास रुपयाच्या नाण्याएवढा. एक्स-रेमध्ये त्याची कडा दुहेरी दिसते, त्यावरून डॉक्टर तो ओळखतात.

टोकदार वस्तू : पिन, टूथपिक, माशाचा काटा. लहान आतडे मोठ्या आतड्याला मिळते, तिथे त्या अनेकदा रुततात. मोठ्या माणसांना काटा गिळल्याचे आठवतही नाही आणि दुखणे अपेंडिक्ससारखे वाटते. लाकूड, प्लास्टिक साध्या एक्स-रेत सहसा दिसत नाही. सीटी स्कॅन लागतो.

भोक पडल्यावर उपचार काय?

आतड्यातील घाण पोटात सांडते आणि संसर्ग पसरतो. सलाइन, अँटिबायोटिक सुरू करून शस्त्रक्रिया करावी लागते. छोट्या भोकाला टाके पुरतात. आतड्याचा भाग मेला असेल, तर तो कापून दोन्ही टोके जोडतात. संसर्ग जास्त असेल, तर काही काळ पोटावरून शौचाची वाट काढावी लागते. वेळेत दुर्बिणीने काम झाले असते, तर मूल बहुधा एक-दोन दिवसांत घरी आले असते.

वेळ जातो कुठे?

सोयगावहून घाटी गाठायला दोन तास सहज लागतात. हे अंतर पालकांच्या हातात नाही. त्याआधी घरात आणि शेजाऱ्यांच्या सल्ल्यात जाणारा वेळ मात्र नक्की आहे. शासनाच्याही हातात एक गोष्ट आहे : तालुक्याच्या रुग्णालयात रात्रीही एक्स-रे निघाला पाहिजे. वस्तू काय आणि कुठे आहे हे तिथेच कळले, तर कोणाला तातडीने शहरात पाठवायचे आणि कोणाला घरी, हे ठरवता येते.

१ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांवर आयएसआय खूण बंधनकारक आहे. गुलमंडीत घ्या की जत्रेत, खूण पाहा आणि सेलचे झाकण स्क्रूने बंद होते का तेही पाहा. पण रिमोट, गाडीची चावी, वजनकाटा ही खेळणी नाहीत आणि सेल त्यांतही असतात. ते मुलांच्या हाताला लागू न देणे आपलेच काम.

हे लक्षात ठेवा

• चुंबक, सेल, टोकदार किंवा ६ सेंटिमीटरहून लांब वस्तू : त्रास नसला तरी लगेच रुग्णालय. गाडी नसेल तर १०८.
• उलटी करायला लावू नका, जुलाबाचे औषध देऊ नका.
• तशीच दुसरी वस्तू किंवा तिचे पाकीट सोबत न्या.
• नाणे असले तरी एक्स-रे काढाच. ते जठरात उतरले असेल, तरच डॉक्टरांच्या सल्ल्याने वाट पाहा.
• पोटदुखी, उलट्या, ताप, कडक पोट, काळी शौच : यातले काहीही दिसले तर थांबू नका.