कपाशीत गॉगल कोण घालतो?

आमच्या बुलढाणा जिल्ह्यात माणूस तीन वेळा गॉगल घालतो. लग्नात, डोळे आले तर आणि मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्यावर. पहिल्या वेळी रुबाब म्हणून, उरलेल्या दोन वेळी नाइलाज म्हणून. पण जिथे डोळ्याला खरोखर धोका असतो तिथे, म्हणजे फवारणीत, सोंगणीत, थ्रेशरच्या तोंडाशी, वेल्डिंगच्या दुकानात, गॉगल घातलेला माणूस शोधून सापडत नाही. विचारलं तर उत्तर ठरलेलं : “गॉगल घालून फवारते का कोनी? लोक हासतीन ना बाप्पा.”

लोक हसतात, हे खरं आहे. पण ते का हसतात, याचा हिशेब कुणी मांडत नाही. गॉगल ही शोभेची वस्तू आहे हे आपल्या डोक्यात आपोआप आलेलं नाही. ते चाळीस वर्षं पैसे खर्चून भरवलं गेलं आहे. माझं भांडण त्याच्याशी आहे.

फोन उघडा. सायकलवरून दरीत उडी घेणारा, बर्फावरून घसरणारा, मोटोक्रॉसच्या धुळीतून बाहेर पडणारा कुणीतरी दिसेल आणि त्याच्या डोळ्यांवर चमकती काच असेल. ओकली, स्मिथ, कॅरेरा, आर्नेट. प्रत्येक ब्रँड म्हणतो, आमची काच सगळ्यात भारी. बघणाऱ्याला वाटतं, केवढी जीवघेणी स्पर्धा चालली आहे! मला विचाराल तर यातली बरीचशी नुरा कुस्ती आहे. आणि जिथे ती खरी होती, तिथे तिचं फळ बर्फावरच थांबलं, कपाशीच्या धुऱ्यापर्यंत आलंच नाही.

आधी नुरा कुस्तीचं बघू. ओकली कंपनी जिम जॅनार्ड नावाच्या माणसाने १९७५ मध्ये अमेरिकेत सुरू केली, तीनशे डॉलर घेऊन. नाव दिलं आपल्या कुत्रीचं. पहिला माल मोटारसायकलच्या हँडलच्या मुठी. १९८० मध्ये मोटोक्रॉसचा गॉगल आला, मग सायकलवाल्यांचे चष्मे. तिकडे इटलीत लिओनार्दो देल वेक्कियो या अनाथालयात वाढलेल्या कारागिराने १९६१ मध्ये लक्झोटिका उभी केली होती. या लक्झोटिकाने १९९९ मध्ये बॉश अँड लॉम्बकडून रे-बॅन घेतली, ६४ कोटी डॉलरला. रे-बॅनसोबत आर्नेटही आली. ही आर्नेट कुणी काढली होती? ओकलीतूनच बाहेर पडलेल्या माणसाने. म्हणजे ओकलीचा घरभेदी आता लक्झोटिकाच्या वाड्यात राहायला आला.

२००१ मध्ये लक्झोटिकाने सनग्लास हट ही दुकानांची मोठी साखळी विकत घेतली. ओकलीचा माल खपत होता तो मुख्यतः याच दुकानांतून. थोड्याच महिन्यांत तिथून ओकलीच्या ऑर्डरी कापल्या गेल्या आणि ओकलीचा शेअर धाडकन खाली आला. पुढे समझोता झाला. आणि २००७ मध्ये लक्झोटिकाने ओकलीच घेऊन टाकली, २१० कोटी डॉलरला. २०१८ मध्ये लक्झोटिका फ्रान्सच्या एसिलोर या काच बनवणाऱ्या बलाढ्य कंपनीशी एक झाली. आज ओकली, रे-बॅन, आर्नेट, कोस्टा ही सगळी एकाच मालकाची लेकरं आहेत. काच त्याची, फ्रेम त्याची, दुकानही त्याचं. पलीकडच्या आखाड्यातले स्मिथ, कॅरेरा आणि पोलरॉइड वेगवेगळे दिसतात, पण तेही सॅफिलो या एकाच इटालियन कंपनीचे. तुम्ही दुकानात उभे राहून “हा घेऊ की तो?” असा घोळ घालता, तेव्हा बऱ्याचदा एकाच खिशाच्या दोन कप्प्यांतून निवड करत असता.

आता न्यायाने बोलायचं तर या स्पर्धेने काही अस्सल वस्तूही दिल्या. स्मिथ ही कंपनी बॉब स्मिथ नावाच्या दंतवैद्याने काढली. त्याला बर्फावर घसरण्याचं वेड होतं आणि एक वैताग होता : गॉगलला आतून वाफ धरते आणि पुढचं दिसत नाही. १९६५ मध्ये त्याने दोन काचा, मधे हवेचा थर आणि कडेला हवा खेळू देणारा फोम असा गॉगल घरच्या टेबलावर बसून जमवला. वाफ धरायची थांबली. नंतर मोटोक्रॉसवाल्यांसाठी घाम शोषणारे फोम आले, वेगाने आलेला खडा सोसणारी पॉलिकार्बोनेटची काच आली, वाकडी असूनही चित्र न हलवणारी काच आली. यात अक्कल आहे, मेहनत आहे. ते नाकारणारा मी कोण?

माझा प्रश्न एवढाच आहे की घाम, वाफ, धूळ, उडणारे कण आणि डोक्यावर ऊन ही अडचण नेमकी कुणाची वर्णन केली मी? कॅलिफोर्नियातल्या मोटोक्रॉसवाल्याची, की ऑगस्टमध्ये छातीएवढ्या पराटीत पाठीवर पंप घेऊन चालणाऱ्या माणसाची?

पावसाळ्यात दमट हवेत फवारणी चालते. तोंडाला दुपट्टा बांधला की श्वासाची वाफ वर येते आणि स्वस्तातला गॉगल दोन मिनिटांत पांढरा होतो. मग माणूस तो काढतो आणि कपाळावर चढवतो. हा त्याचा अडाणीपणा नाही. ज्या अडचणीवर श्रीमंतांच्या खेळासाठी १९६५ मध्ये तोडगा निघाला, तो इकडे कुणी आणलाच नाही, म्हणून तो गॉगल काढतो. १९७१ च्या कीटकनाशक नियमांत फवारणाऱ्याने काय घालायचं ते लिहिलेलं आहे : अंगभर कपडे, रबरी हातमोजे, धूळ न शिरणारा गॉगल, बूट. नियमाला पन्नास वर्षं उलटून गेली. २०१७ मध्ये यवतमाळात कपाशीवर फवारताना विषबाधा होऊन वीसच्या आसपास माणसं गेली, शेकडो दवाखान्यात पोचली, कित्येकांना काही काळ दिसेनासं झालं. तेव्हा सुरक्षा किटची चर्चा झाली. मग पुढचा हंगाम आला आणि चर्चा बोंडअळीवर गेली.

फवारणी संपते तोवर सोयाबीनची सोंगणी येते. थ्रेशर सुरू झाला की कुटाराचा धुरळा उडतो. डोळ्यात बारीक कूस जाते. बाई पदराच्या टोकाने काढते, कुणी फुंकर मारतं, कुणी मेडिकलमधून कसलेतरी ड्रॉप आणून टाकतं. वनस्पतीचा कण लागून बुबुळाला ओरखडा पडला तर त्यात बुरशी धरू शकते, आणि त्या ड्रॉपमध्ये स्टिरॉइड असेल तर ती आणखी फोफावते. मग डोळ्यात फूल पडतं. मदुराई जिल्ह्यात १९९३ मध्ये झालेल्या अभ्यासात दरवर्षी लाखामागे ११३ लोकांना बुबुळावर जखम होऊन ती चिघळते, असा अंदाज निघाला होता. नेपाळात भक्तपूरला गावातल्या साध्या कार्यकर्त्यांनी ओरखडा पडल्यावर लवकर अँटिबायोटिक मलम दिलं, तर बहुतेक डोळे वाचले. म्हणजे हे दुखणं टाळता येतं. मलम हा त्याचा दुसरा उपाय आहे, पहिला उपाय म्हणजे कण डोळ्यात जाऊच न देणं.

आणि त्यासाठी दहा-पंधरा हजारांचा चष्मा लागत नाही. महागड्या स्पोर्ट्स गॉगलच्या जाहिरातीत एक गोष्ट अभिमानाने दाखवतात : काचेवर छर्रा मारला तरी ती फुटत नाही. ही कसोटी गुपित नाही. एएनएसआय झेड ८७.१ या अमेरिकी औद्योगिक मानकातली ती आहे. पाव इंचाची पोलादी गोळी ताशी साधारण १६४ किलोमीटर वेगाने मारायची, आणि अर्ध्या किलोचं टोकदार वजन सुमारे सव्वा मीटरवरून टाकायचं. काच टिकली पाहिजे. हे मानक मुळात कामगारासाठी आहे. कारखान्यात मिळणारा शंभर-दीडशे रुपयांचा पारदर्शक सेफ्टी चष्मा ‘झेड ८७ प्लस’ असा छाप घेऊन येतो, तेव्हा त्यानेही हीच गोळी झेललेली असते. तो पॉलिकार्बोनेटचा असतो, आणि पॉलिकार्बोनेट पारदर्शक असलं तरी अतिनील किरण जवळजवळ पूर्ण अडवतं. मग उरलेले चौदा हजार कशाचे? थोडे चांगल्या रंगाच्या काचेचे, थोडे फ्रेमचे, आणि बाकी कानाजवळच्या त्या चिन्हाचे.

इथे कुणीतरी हटकून म्हणतं : “मग आमचा डुप्लिकेट बराच की! शेगावला दीडशेत मिळतो, कंपनीची जिरवली.” हा युक्तिवाद मला अनेक मित्रांनी ऐकवला आहे आणि तो ऐकायला गोड आहे. पण जिरवली कुणाची? कंपनीने करोडो रुपये खर्चून जे चिन्ह विकायला काढलं, ते तुम्ही स्वतःच्या पैशाने, स्वतःच्या तोंडावर लावून गावभर फिरवता. फुकटची जाहिरात. नक्कल करणाऱ्याने चिन्ह उचललं, रंग उचलला, पण काचेची हमी उचलली नाही. आणि गडद काचेची गंमत अशी की तिच्यामागे बुबुळातली बाहुली मोठी होते. काच अतिनील किरण अडवत नसेल, तर उघड्या डोळ्याने आपण जसे डोळे बारीक करतो ते संरक्षणही जातं. स्वस्त काच वाईटच असते असं नाही, काही स्वस्त काचा चांगलं काम करतात. पण काळेपणा बघून ते कळत नाही. चष्म्याच्या दुकानात तपासायचं यंत्र असतं, एका मिनिटाचं काम आहे. आपण ते करत नाही, कारण आपल्याला काच नको असते, चिन्ह हवं असतं. अस्सल घेणारा आणि नकली घेणारा, दोघेही एकाच जाहिरातीचे गिऱ्हाईक.

दुसरा आक्षेप असा की हे ब्रँड अ‍ॅक्शन स्पोर्ट्ससाठी आहेत, त्यांनी शेतीचं काय करावं? ठीक. मग अ‍ॅक्शन म्हणजे काय ते ठरवू. आमच्या विदर्भातला शंकरपट घ्या. धुळीच्या लोटात बैलजोडी सुटते, वर उभा माणूस. २०१४ पासून बंद होता, २०२३ च्या मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने कायद्यावर शिक्कामोर्तब केलं. वेग आहे, धूळ आहे, जिवाचा धोका आहे. यातल्या एका तरी हाकणाऱ्याच्या डोळ्यासाठी कुणी काही बनवलं? ज्याला पगार मिळतो तो कामगार, ज्याला पैसे मोजून धोका विकत घ्यायचा असतो तो खेळाडू, आणि संरक्षण फक्त दुसऱ्याला, अशी ही व्याख्या आहे. मला ती मान्य नाही.

तिसरा आक्षेप सगळ्यात खरा वाटतो : मागणीच नाही, तर कंपनी बनवेल कशाला? पण बर्फावरच्या चमकत्या काचेची मागणी तरी कुठे होती? ती तयार केली गेली. विजेत्यांच्या डोळ्यांवर काच चढवली, पोस्टर लावले, आता रील बनवतात. आता तर चष्म्यात कॅमेरा आला आहे, रे-बॅनचा तसला चष्मा २०२५ मध्ये भारतातही विकायला निघाला. तुमच्या डोळ्याला काय लागतं यापेक्षा तुमचा डोळा काय बघतो यावर पुढची चढाओढ चालणार आहे. एवढी अक्कल आणि एवढा पैसा असलेल्या धंद्याला वाफ न धरणारा, फवारा आत न शिरू देणारा, तीनशे रुपयांचा गॉगल जमत नाही, यावर मी विश्वास ठेवावा?

कंपन्यांना लाज वाटेल म्हणून मी हे लिहीत नाही. त्यांचं घर खामगावच्या बाजारावर चालत नाही. मी लिहितोय तुमच्यासाठी, कारण घरात फोन तुमच्या हातात आहे आणि वस्तू मागवणारे तुम्ही आहात. बाबांच्या वाढदिवसाला शर्ट मागवता, तसा एक गॉगल मागवा. फवारणीसाठी चारी बाजूंनी चेहऱ्याला घट्ट बसणारा, छिद्रं सरळ नसून आडवळणाची असलेला. त्यावर ‘डी ३’ असेल तर तो शिंतोडे अडवतो, ‘डी ४’ असेल तर धूळ. आपल्याकडचं मानक आयएस ५९८३ आहे, तेही बघा. काचेला वाफ न धरण्याचा लेप आहे का ते वाचा. कृषी केंद्रातून औषधाची बाटली घेताना “गॉगल आहे का?” एवढं विचारा. नाही म्हणाले तर पुढच्या वेळी पुन्हा विचारा. दहा जणांनी विचारलं की अकराव्याच्या आधी तो काउंटरवर दिसेल, दुकानदाराइतकी मागणी दुसऱ्या कुणाला लवकर कळत नाही.

आणि लोक हसतील, त्याची तयारी ठेवा. हेल्मेटलाही हसले होते. पंप ज्या खुंटीला टांगता, त्याच खुंटीला गॉगल टांगा, म्हणजे तो शोभेचा राहणार नाही, अवजार होईल.