प्रतिध्वनी आला नाही, हेही लिहा

करंजाच्या बंदरात एखाद्या मच्छीमार बोटीवर चढण्याचा योग आला, तर तांडेलाजवळचा मासे शोधणारा पडदा जरूर पाहा. बोटीखालून पाण्यात श्राव्यातीत ध्वनी सोडतात. समुद्राचा तळ आणि माशांचा थवा त्याचे प्रतिध्वनी परत पाठवतात; मधले नुसते पाणी पडद्यावर रिकामे राहते. तांडेलाला त्या रिकाम्या जागेत रस नसतो. हृदयाच्या डॉक्टरांना मात्र नेमकी तीच हवी असते.

हृदयाभोवती एक दुपदरी पिशवी असते. तिच्यात एरवी १५ ते ५० मिलिलिटर द्रव असतो. हृदयात नळ्या घालून उपचार करताना क्वचित भिंतीला भोक पडते आणि रक्त या पिशवीत साचू लागते. पिशवी चटकन ताणली जात नाही. शे-दोनशे मिलिलिटर रक्त झटपट साचले, तरी हृदयाला नीट भरता येत नाही आणि रक्तदाब कोसळतो.

हे आधीच कळावे म्हणून सुमारे ३ मिलिमीटर जाडीचे एक कॅथेटर मांडीच्या शिरेतून हृदयाच्या उजव्या बाजूस नेतात. ध्वनी सोडणारे आणि टिपणारे घटक त्याच्या टोकाशीच असतात. छातीवरून का पाहत नाहीत? पाहतात, आणि बहुतेक वेळा तेवढे पुरते. हे कॅथेटर महागही असते. पण बाहेरून बरगड्या व फुप्फुसांतील हवा आड येते. शिवाय वारंवारता जितकी जास्त, तितका ध्वनी लवकर शोषला जातो. आतून अंतर थोडे, म्हणून ७.५ मेगाहर्ट्‌झसुद्धा चालतात. ऊतींमध्ये ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे १५४० मीटर. भागाकार करून पाहा: तरंगलांबी ०.२ मिलिमीटर येते. म्हणून बारीक तपशील दिसतो.

प्रतिध्वनी माध्यम बदलते तेथे उमटतो. एकजिनसी द्रवात तो जवळजवळ उमटतच नाही, म्हणून द्रवाची काळी पट्टी दिसते. अमेरिकेत हार्वे फायगेनबॉम यांनी १९६५ साली अशा निःशब्द जागेवरूनच हृदयाभोवतीचा द्रव ओळखून दाखवला. अर्थात हृदयातले रक्तही काळेच दिसते, आणि चरबी कधीकधी फसवते. पट्टी भिंतीच्या आत की बाहेर, हे पाहणाऱ्यालाच ठरवावे लागते.

आता माझी तक्रार. शाळेत भिंतीसमोर टाळी वाजवून प्रतिध्वनी ऐकू आला नाही, की प्रयोग फसला म्हणून वही कोरी ठेवतात. आम्ही शिक्षकच तसे सांगतो! त्याऐवजी ‘अंतर १० मीटर, प्रतिध्वनी वेगळा ऐकू आला नाही’ असे लिहू द्यावे, आणि त्याला गुणही द्यावेत. मग का, ते विचारावे. जाऊन-येऊन २० मीटर, म्हणजे सुमारे ०.०६ सेकंद; कानाला दोन आवाज वेगळे कळायला ०.१ सेकंद तरी हवा. पुढची टाळी २० मीटरांवरून वाजवा.